व्यायाम करणाऱ्यांनी आतड्यातले जिवाणू कसे पोसावेत

धावायला सुरुवात केली किंवा जिममध्ये नाव घातलं की पाठोपाठ कुणीतरी प्रोबायोटिकच्या गोळ्या सुचवतं. त्या बाजूला ठेवा. आतड्यातल्या जिवाणूंना तुमची नियमित हालचाल लागते आणि तुमच्याच्याने न पचणारं अन्न लागतं. आपले पाचकरस अन्नातल्या ज्या तंतूंना (फायबर) तोडू शकत नाहीत, ते मोठ्या आतड्यात पोचले की जिवाणू त्यांना आंबवतात आणि अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर जगतं. अ‍ॅसिटेट रक्तातून स्नायूंपर्यंत जातं आणि तिथे इंधन म्हणून वापरलं जातं.

व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा, ३० ते ६० मिनिटं, घाम येईल इतका. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ३२ बैठ्या लोकांनी सहा आठवडे एवढंच केलं, जेवण होतं तेच ठेवलं. ब्युटिरेट वाढलं, सडपातळ लोकांत जास्त. पुढचे सहा आठवडे व्यायाम थांबवल्यावर ही वाढ बहुतेक ओसरली. त्यामुळे मध्येच महिनाभर खंड पडला तर मागचं जमेस धरू नका.

जिवंत जिवाणूंसाठी दुपारच्या जेवणात वाटीभर घरचं दही किंवा पेलाभर ताक घ्या. कढी चालेल, पण ती जिवाणूंच्या हिशेबात धरू नका, कारण उकळल्यावर ते मरतात. इडली, डोसा, शिजवलेली आंबील यांचंही तेच. तेलामिठात मुरवलेलं कैरीचं लोणचं आंबवलेलं असतंच असं नाही.

आता तंतू. लोक सोडून देतात ते याच टप्प्यावर. ‘उद्यापासून सकाळी मोड, दुपारी सॅलड, रात्री ओट्स’ हा सल्ला सरळ चुकीचा आहे. दिवसाला १५ ग्रॅम तंतूंवर चाललेल्या पोटात एकदम ३५ ग्रॅम गेले की आंबवणं जोरात होतं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड साचतात, पोट डब्ब होतं, पळताना बरगडीखाली कळ येते. मग ‘मला कडधान्यं सोसत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. सोसत नाहीत असं नसतं, सवय नसते. वाढलेल्या खाद्यावर जिवाणूंची घडी बसायला काही आठवडे लागतात.

म्हणून आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवा. ५ ग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी, किंवा ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, किंवा एक लहान पेरू बियांसकट. पहिल्या आठवड्यात दुपारच्या भाताऐवजी एक भाकरी. दुसऱ्या आठवड्यात तिच्यासोबत अर्धी वाटी उसळ. तिसऱ्यात पेरू. ३० ग्रॅमच्या आसपास पोचलात की थांबा. एखाद्या आठवड्यात पोट फुगलं तर मागे जाऊ नका, त्याच पायरीवर आणखी आठवडाभर राहा. पाणी वाढवायला विसरू नका, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतो.

उसळीची तयारी नीट करा, अर्धा गॅस तिथेच कमी होतो. मटकी ८ ते १० तास भिजवा. वर फेस धरलेलं ते पिवळसर पाणी ओतून टाका आणि मटकी दोनदा धुवा. ‘पाण्यात सत्त्व असतं’ म्हणून त्याच पाण्यात शिजवू नका. त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा उतरलेल्या असतात. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या जशाच्या तशा खाली जातात आणि झपाट्याने आंबतात. मग ओल्या फडक्यात बांधून मोड आणा. मोड येताना दाणा याच शर्करा स्वतः वापरतो. मोड अर्ध्या पेराएवढा झाला की पुरे. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे दाणे फेकून द्या. आणि शिजवूनच खा. ज्या ऊबेत मोड येतात तिथेच अपायकारक जिवाणूही वाढतात. व्यायामानंतर मूठभर कच्चे मोड खाण्याची पद्धत सोडलेली बरी.

वेळेचं गणित तर क्वचितच कुणी सांगतं. उसळ खाल्ल्यावर त्या शर्करा मोठ्या आतड्यात पोचायला साधारण ४ ते ६ तास लागतात, गॅस त्यानंतर धरतो. रात्री साडेनऊला छोले खाल्ले तर पहाटे पाचला पळायला निघताना पोटातला गॅस भरात आलेला असतो. पहाटे पळणाऱ्यांनी उसळ दुपारी खावी. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांनी ती रात्रीच्या जेवणात घ्यावी. हे एवढं बदलून बघा, मगच कडधान्यांना दोष द्या.

इसबगोल या खाण्याची जागा घेऊ शकत नाही. त्याने कोठा साफ होईल, पण ते फारसं आंबत नाही, त्यामुळे जिवाणूंच्या वाट्याला थोडंच येतं.

‘धावपटूंच्या जिवाणूं’च्या गोळ्यांबद्दलही थोडं. २०१९ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. शर्यतीनंतर त्यांच्या विष्ठेत व्हेलोनेला हा जिवाणू वाढलेला आढळला. तो जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट खातो आणि प्रोपिओनेट बनवतो. तो दिलेले उंदीर ट्रेडमिलवर १३ टक्के जास्त वेळ धावले. विज्ञान म्हणून हे सुंदर आहे. पण त्या उंदरांच्या भरवशावर गोळ्या घेऊ नका, ते पैसे ज्वारी, मटकी आणि पेरूंवर खर्च करा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र हे सगळं उलटं करायचं. जोरात पळताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, उन्हात आणखीच कमी. अशा वेळी आतड्यात तंतू भरलेले असले की मुरडा येतो आणि अर्ध्या वाटेत शौचालय शोधावं लागतं. म्हणून आदल्या दुपारपासून उसळ, पेरू, कच्ची कोशिंबीर बंद. मऊ वरणभात, बटाटा, केळं. एका दिवसाने जिवाणूंचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी पुन्हा सुरू.

शौचातून रक्त जात असेल, वजन कारण नसताना उतरत असेल किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.