नाथसागराच्या उतरत्या पाण्यावर: हिवाळ्यात कयाकमधून पक्षी पाहण्याविषयी

कोकणातल्या खाडीला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात. पैठणच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी असते. पावसाळ्यात वरच्या अंगाने गोदावरी आणि प्रवरेचे पाणी येऊन जलाशय भरतो, साधारणपणे दसऱ्याच्या सुमारास तो वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतो, आणि त्यानंतर कालव्यांची आवर्तने, पिण्याच्या पाण्याचा उपसा आणि बाष्पीभवन यांमुळे तो पुढच्या मृगापर्यंत उतरतच राहतो. ही आठ महिन्यांची ओहोटी समजली तर नाथसागरावर पक्षी कुठे असतील, कयाक कुठून घालावी आणि कुठे मुळीच नेऊ नये, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी मिळतात.

जलाशयाची पूर्ण पातळी 1522 फूट आहे. त्या दिवशीची पातळी फुटांत आणि साठा टक्क्यांत स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि इकडचे लोक तो आकडा बाजारभावासारखा वाचतात. पक्षी पाहणाऱ्यानेही तो तसाच वाचावा. नाथसागर सुमारे 55 किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त 27 किलोमीटर रुंद असला तरी बराचसा उथळ आहे आणि त्याचे काठ फार सपाट आहेत. उताराचे प्रमाण दोनशेस एक असेल अशा काठावर पातळी एक फूट उतरली की पाण्याची कड दोनशे फूट आत सरकते, आणि मागे ओल्या गाळाचा तेवढाच रुंद पट्टा उघडा पडतो. या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या वीतभर पाण्यात किडे, गोगलगायी, शेवाळ आणि पाणवनस्पतींची मुळे यांची रेलचेल असते. शेकाटे, तुतवार, टिलवे आणि पाणटिवळे तिथेच चरतात. थोड्या खोल पाण्यात चमचे आणि चित्रबलाक, त्याहून पुढे थापटे, तलवार बदके आणि वारकरी. म्हणून मागच्या वर्षी अमुक ठिकाणी रोहित पक्षी दिसले होते, एवढ्या माहितीचा उपयोग थोडाच. त्या वेळी पातळी किती फूट होती हे माहीत असेल, तर यंदा तितकेच पाणी असताना तीच जागा पुन्हा पाहण्यात अर्थ आहे.

मात्र होडीचा विचार करण्याआधी परवानगीचा विचार करावा. नाथसागराचा परिसर 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात प्रवेश करण्यासाठी परवानगी लागते. वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयात अर्ज करून, कुठून पाण्यात उतरणार, किती जण आणि किती वेळ, हे लेखी कळवावे व लेखी उत्तर घेऊनच निघावे. धरणाची भिंत, 27 दरवाजांचा भाग आणि कालव्यांची तोंडे यांच्या जवळपासही जाऊ नये. तिथे पाणी ओढले जाते आणि वरून पाहताना ते मुळीच जाणवत नाही. परवानगी मिळाली नाही तर काठावरून दुर्बिणीने पाहावे. कयाक हा पक्षी पाहण्याचा एक मार्ग आहे, हक्क नव्हे, आणि काही आठवड्यांत काठावरूनच अधिक दिसते, हे मी होडीची हौस असूनही कबूल करतो.

काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा उत्तम. पाहुणे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतात, पण तेव्हा पाणी सहसा इतके वर असते की गाळ उघडा पडलेला नसतो आणि थवे विखुरलेले राहतात. मार्चमध्ये ऊन तापते आणि बरेचसे पक्षी उत्तरेची वाट धरतात.

कयाक निवडताना, जिच्यावर वरून बसता येते अशी रुंद, सपाट तळाची कयाक घ्यावी. आत पाय घालून बसण्याची अरुंद कयाक वेगाने जाते खरी. परंतु आपल्याला वेग नको आहे, हातात दुर्बीण असताना न डोलणारी बैठक हवी आहे. तळाला सुकाणूचे पाते असलेली होडी इथे गैरसोयीची, कारण ते पाते मासेमारीच्या जाळ्यांत अडकते. जीवरक्षक जॅकेट अंगात घालून पट्टे आवळलेले असावे. पायाशी ठेवलेले जॅकेट आणि घरी विसरलेले जॅकेट यांत बुडणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही. जॅकेटला शिट्टी बांधावी. मोबाइल, कोरडे कपडे आणि दुर्बिणीचे आवरण पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवून ती पिशवी होडीला बांधावी, आणि गटात निदान एक तरी जादा वल्हे असावे.

मराठवाड्यातली थंडी लोक हलक्यात घेतात, कारण दुपारी ऊन चांगलेच लागते. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असताना पाण्यावर बसलेल्या माणसाचे हात ओले असतात, वल्ह्यावरून थेंब मनगटात उतरतात आणि सुती सदरा एकदा भिजला की तास-दीड तास वाळत नाही. सुती कपडे टाळून आत पॉलिस्टरचा आणि वर लोकरीचा थर घालावा, त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट घालावे, आणि रंग मातकट किंवा करडा ठेवावा. पांढरी टोपी मात्र नको. दूरवरून आधी तीच दिसते.

उलटलेल्या होडीवर परत चढण्याचा सराव आधीच, ऑक्टोबरच्या उन्हात, कमरेइतक्या पाण्यात करून ठेवावा. होडीच्या पलीकडच्या कडेला हात घालून ती स्वतःकडे ओढत सरळ करावी, पाय मागे मारत पोटावर आडवे चढावे आणि मग कूस वळवून बसावे. चढता आले नाही तर होडी सोडून काठाकडे पोहत सुटू नये. सपाट प्रदेशात काठ नेहमी जवळ वाटतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काठावरच्या मासेमारांशी बोलावे. जाळी कुठे टाकली आहेत, गाळ कुठे आहे आणि कुठल्या बाजूला बदके बसतात, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते, कारण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते रोज त्याच पाण्यातून जातात. पिंपळवाडीकडच्या काठावर एका वयस्क मासेमाराला मी समोरच्या चकाकणाऱ्या पाण्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, ते पानी न्हाई, राबडी हाय. वर टीचभर पानी हाय नुसतं.” राबडी म्हणजे पातळ गाळ. मी ऐकले आणि तरीही दुसऱ्या सकाळी गेलो, त्याची हकीकत पुढे येईल.

जाळ्यांची ओळख म्हणजे पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे. शक्यतो ओळीला वळसा घालावा. ओलांडणे भागच पडले तर दोन बाटल्यांच्या मध्ये, जिथे जाळे खोल झुकलेले असते तिथून, वल्हे वर उचलून होडी नुसती सरकू द्यावी. त्याहून मोठा धोका शेतकऱ्यांच्या विद्युत मोटारींचा आहे. पाणी उतरेल तशा या मोटारी पुढे पुढे सरकवल्या जातात, त्यांचे पाइप आणि केबल पाण्यातून व चिखलातून पसरलेले असतात, आणि जागोजागी जोड दिलेल्या केबलचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. मोटार, पाइप किंवा काठावर खांब दिसला की तिथे पाण्यात पाय घालू नये, होडी ओढू नये आणि दोन-तीनशे पावले लांबून उतरण्याची जागा शोधावी. पाणी खाली गेल्यावर बुडीत शेतांचे बांध, जुन्या विहिरींचे कठडे आणि वाळलेल्या बाभळींची खोडेही वर येतात. त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, त्यामुळे ती दुरून ओळखू येतात.

वारा हा या जलाशयाचा खरा मालक आहे. उजाडताना पाणी आरशासारखे असते, परंतु दिवस वर आला की वारा सुटतो, आणि कित्येक किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आल्यामुळे त्याच्या लाटा तळ्यातल्या लाटांसारख्या राहत नाहीत. जाताना वाऱ्याच्या तोंडी जावे, म्हणजे दमल्यावर तोच वारा परत आणतो. काठापासून हाक ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर राहावे आणि दहाच्या आत होडी बाहेर काढावी. धुके असेल तर थांबावे. धुक्यात मी एकदा सरळ चाललो आहे असे समजून गोल फिरून पुन्हा स्वतःच्याच गाडीपाशी आलो होतो. गाडी दिसली म्हणून बरे झाले.

धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्वेकडच्या टोकाला असल्यामुळे पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे निघाले की सकाळचे ऊन पाठीवर राहते. त्यामुळे पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. थव्याकडे सरळ नाक करून जाऊ नये. शिकारी तसाच येतो. तिरक्या रेषेत, जणू आपण दुसरीकडेच निघालो आहोत असे, हळूहळू अंतर कमी करावे. वल्ह्याची पाती खांद्याच्या वर जाऊ देऊ नयेत, कारण ओले पाते उन्हात आरशासारखे चमकते. चरणाऱ्या पक्ष्यांच्या माना वर आल्या, थवा एकमेकांजवळ सरकू लागला किंवा बदके पाठ करून पोहू लागली की आपण मर्यादा ओलांडलेली असते. तिथेच थांबावे, माना पुन्हा खाली जाईपर्यंत हलू नये, आणि त्या गेल्याच नाहीत तर मागे फिरावे. थवा उडवून छायाचित्र काढणाऱ्यांविषयी मी इथे लिहिण्याचे टाळतो. एवढेच सांगतो की डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून इथे येतात आणि परतीच्या त्याच प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. आपल्यामुळे झालेले प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून जाते. हे हंस सकाळी गाळपेरीच्या जमिनीवर, म्हणजे उतरलेल्या पाण्यामागे पेरलेल्या गहू-हरभऱ्यात, चरतानाही दिसतात, आणि शेतकरी त्यांना हुसकावतात यात शेतकऱ्यांचे काही चुकत नाही.

नीट थांबता आले तर काय मिळते, हे वारकऱ्यांच्या थव्याजवळ कळते. काळाभोर पक्षी, पांढरी चोच आणि तिच्यावर कपाळभर पांढरा टिळा. नाथांच्या पैठणात या पक्ष्याला हे नाव शोभते. होडी निश्चल ठेवून मी वल्हे मांडीवर आडवे धरले होते, आणि पाच-सहा मिनिटांनी पहिला वारकरी बुडी मारून हातभर हिरवे शेवाळ घेऊन वर आला, दुसऱ्याने ते त्याच्या चोचीतून ओढले, आणि मग सगळा थवा मला विसरून भांडत-खात माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला. पलीकडे थापटे पसरट चोची पाण्यात घालून गोल फिरत होते; त्यांच्या चोचीतून पाणी गाळले जाण्याचा बारीक चुळबूळ आवाज काठावरून कधीच ऐकू येत नाही.

आता राबडीविषयी. रोहित पक्षी चोच उलटी धरून उथळ पाण्यात चरतात आणि त्यांच्या लांब पायांना जेवढे पाणी पुरते तेवढे होडीला पुरत नाही. त्यांच्या थोडे जवळ जाण्याच्या मोहात मी टीचभर पाण्यावर आलो, होडी टेकली आणि मी शहाणपणाने एक पाय बाहेर टाकला. तो मांडीपर्यंत गेला. काळ्या मातीचा तो गाळ पाय धरतो आणि उपसताना दुसरा पाय मागतो. तिथे उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. होडीवर पोटावर आडवे पडून वजन पसरावे, अडकलेला पाय गोल हलवत गाळ सैल करावा आणि सावकाश ओढून घ्यावा. मग मागच्या टोकाकडे सरकून बसावे, म्हणजे पुढचे टोक सुटते, आणि वल्ह्याच्या पात्याने गाळाला रेटा देत आलेल्या मार्गानेच उलटे निघावे. मला त्यात पाऊण तास लागला आणि एक चप्पल गेली. म्हणून मी आता बांबूची खुणा केलेली काठी जवळ ठेवतो, आणि पाणी दीड वितीपेक्षा कमी झाले की पुढे जात नाही.

इथे शिकून पुढे ठाण्याच्या किंवा रत्नागिरीकडच्या खाडीत जाणाऱ्यांना एक सवय बदलावी लागते. तिथे कांदळवनात चढत्या भरतीबरोबर शिरावे, म्हणजे होडी टेकली तरी थोड्या वेळाने पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत चिखलात बसावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते. कोळ्यांची तिथीची पाऊणकी अंदाजासाठी लक्षात ठेवावी: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची सुमाराची वेळ येते, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. प्रत्यक्ष निघताना त्या बंदराचे छापील भरतीपत्रकच पाहावे. नाथसागरावर ही सोय नाही. पौषात तुमच्या होडीखालून गेलेले पाणी श्रावणाआधी परत येत नाही.

परतल्यावर कयाक उलटी करून काठावरच, पण पाण्याच्या कडेपासून लांब, धुवावी आणि दोन दिवस उन्हात कोरडी होऊ द्यावी. जलपर्णीचा एखादा तुकडा फटीत राहिला तर तो पुढच्या तलावात रुजतो. वहीत पक्ष्यांच्या नावांच्या आधी चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, पाण्यात उतरलेली जागा, वाऱ्याची दिशा आणि त्या दिवशीची पातळी फुटांत.