घरच्या गाण्यांचा डेटाबेस: की आणि इंडेक्स कसे ठरवावेत

पंचवटीतल्या आमच्या घरी वडिलांनी जमवलेल्या तीनेकशे कॅसेटी आहेत. त्यांची यादी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरवताना मी आधी गायकाच्या नावालाच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, केलं आणि अडकलो. नाशिकमध्येच जन्मलेले पलुस्कर घ्या: एका कव्हरवर 'डी. व्ही. पलुस्कर', दुसऱ्यावर 'द. वि. पलुस्कर', तिसऱ्यावर 'दत्तात्रेय विष्णू पलुस्कर'. गायक एक, नोंदी तीन.

म्हणून पहिली पायरी: प्रत्येक कलाकाराला, कॅसेटला आणि गाण्याला साधा क्रमांक द्या, ज्याला स्वतःचा काहीही अर्थ नाही. एसक्यूलाइटमध्ये स्तंभाचा प्रकार 'इंटिजर प्रायमरी की' लिहिला की क्रमांक आपोआप पडतो. नावाची सगळी रूपं वेगळ्या टेबलात ठेवा आणि प्रत्येक रूपापुढे कलाकाराचा क्रमांक लिहा. तिथे नुसतं नाव युनिक (पुन्हा न येणारं) करू नका, कारण एकाच नावाचे दोन गायक असू शकतात. नाव आणि क्रमांक ही जोडी युनिक करा.

कॅसेटवर छापलेला कॅटलॉग क्रमांक की म्हणून वापरावासा वाटतो, पण घरी रेकॉर्ड केलेल्या मैफलीवर तो नसतोच. तो साध्या स्तंभात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका गाण्यात गायक, तबलावादक, संवादिनीवादक असे अनेक कलाकार असतात आणि एक कलाकार अनेक गाण्यांत असतो. त्यासाठी जोडटेबल करा: गाणं, कलाकार, भूमिका. या तिघांची मिळून प्रायमरी की. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर एसटीचं वेळापत्रक आधी गाव आणि मग वेळ असं लावलं, तर त्र्यंबकची पुढची गाडी चटकन सापडते. पण नऊ वाजता कुठकुठल्या गाड्या सुटतात हे बघायला सगळा फलक वाचावा लागतो. इंडेक्सचंही, म्हणजे नोंदी चटकन शोधण्यासाठी डेटाबेस ठेवतो त्या क्रमवार सूचीचंही, तसंच आहे. गाण्यापासून सुरू होणाऱ्या कीच्या इंडेक्समुळे 'या गाण्यात कोण आहे' ते लगेच कळतं, 'या तबलावादकाची सगळी गाणी' मात्र नाही. त्यासाठी कलाकारापासून सुरू होणारा दुसरा इंडेक्स हवाच.

फॉरेन कीची, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या क्रमांकाची, तपासणी एसक्यूलाइटमध्ये सहसा मुळात बंद असते. दर वेळी डेटाबेस उघडल्यावर 'प्राग्मा फॉरेन कीज' ही सेटिंग चालू करा. शिवाय फॉरेन कीच्या स्तंभावर इंडेक्स आपोआप बनत नाही, तो आपणच करायचा.

बाकी इंडेक्स आपल्या प्रश्नांवरून ठरवा. आमच्याकडे सकाळी 'भैरव कुठे आहे?' असं विचारलं जातं, म्हणून रागावर इंडेक्स आहे. रेकॉर्डिंगच्या वर्षाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून त्यावर नाही. नवी नोंद घालताना प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावं लागतं, तेव्हा उगाच वाढवू नका. गाण्याच्या ओळीतला मधला एखादा शब्द शोधायचा असेल तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. त्यासाठी एसक्यूलाइटची शब्दशोधाची सोय, एफटीएस५, वापरा.

शेवटी आपल्या प्रश्नाच्या क्वेरीआधी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेआधी) 'एक्सप्लेन क्वेरी प्लॅन' लिहून चालवा. उत्तरात 'सर्च' आणि इंडेक्सचं नाव दिसलं, तर तो इंडेक्स वापरला जातोय. 'स्कॅन', म्हणजे सगळ्या नोंदी वाचणं, दिसलं, तर इंडेक्समधला स्तंभांचा क्रम पुन्हा तपासा.