ओहोटीच्या ओढीत इंजिन तापलं तेव्हा

आम्ही दोघं शिडाच्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो होतो. अरुंद चॅनेलमध्ये वारा पडला, इंजिन सुरू केलं आणि १० मिनिटांत तापमानाचा अलार्म वाजला. ओहोटीचा तिसरा तास. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी उतरतं, त्यामुळे ओढ जबरदस्त. इंजिन बंद करून नवऱ्याने लगेच नांगर टाकला, खोलीच्या पाचपट साखळी सोडली. पूर्ण ओहोटीलाही बोटीच्या तळाखाली पाणी उरेल ना, हे मोजलं आणि मगच इंजिनाकडे वळलो.

इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून बाहेर पडणारं समुद्राचं पाणी पडतच नव्हतं. मी हे पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह बंद करून गाळणी उघडली; शेवाळाने गच्च भरलेली. साफ केली, तरी पाणी येईना. पंपाचं झाकण काढलं तर रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, २ पाती गायब! नवा बसवला. पण तुटलेले तुकडे शोधायलाच हवेत, नाहीतर ते पुढे अडकून पुन्हा इंजिन तापतं. इंजिनाची उष्णता या पाण्यात सोडणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी दोन्ही सापडले. व्हॉल्व्ह उघडून इंजिन लावलं, पाणी भसाभसा आलं आणि मला रडूच फुटलं.

तरी ओढ मंदावेपर्यंत निघालो नाही. आता जादा इम्पेलर २ ठेवतो.