प्रोबॅबिलिटी काढताना या चुका टाळा, विशेषतः डोळे झाकून गुणाकार

पहिली चूक बेरजेची. फाशावर सहा पडायची शक्यता 1/6, मग चार वेळा टाकला तर 4/6, असं खूप जण धरतात, पण याच हिशोबाने सात वेळा टाकला तर 7/6 येतं, म्हणजे 100 टक्क्यांच्या वर, जे होऊच शकत नाही. "निदान एकदा तरी" असं विचारलं असेल तर उलटीकडून जा, एकदाही सहा न पडायची शक्यता काढा, म्हणजे 5/6 चार वेळा गुणा, साधारण 0.48 येतं, ते 1 मधून वजा केलं की 0.52.

दुसरी म्हणजे नाण्यावर पाच वेळा छापा आला की आता काटा येणारच असं वाटणं. सलग सहा छाप्यांची शक्यता 1/64 आहे हे खरं, पण ती पहिल्यांदा नाणं उडवायच्या आधीची. पाच पडून गेल्यावर सहाव्याची 1/2 च. 1913 मध्ये मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या खणांच्या जुगाराच्या चाकावर, सलग 26 वेळा काळा आला आणि आता लाल येईलच म्हणून लोक पैसे लावत गेले आणि हरत गेले.

सगळ्यात घातक मात्र तिसरी, घटना स्वतंत्र आहेत का, म्हणजे एकीचा दुसरीशी काही संबंध नाही ना, ते न बघता गुणून टाकणं. ब्रिटनमध्ये एका आईची दोन बाळं दगावली, तिनेच मारली असा आरोप झाला, 1999 च्या खटल्यात तज्ज्ञ डॉक्टरने एका बाळाच्या अशा आकस्मिक मृत्यूची शक्यता 8543 त 1 धरली आणि तिचा सरळ वर्ग केला, आकडा आला 7.3 कोटीत 1. अहो पण दोन्ही बाळं एकाच घरातली, जनुकं सारखी, वातावरण सारखं, मग स्वतंत्र कशी? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने 2001 मध्ये जाहीरपणे यावर आक्षेप घेतला, शिक्षा रद्द व्हायला 2003 उजाडलं, तोवर ती बाई तीन वर्षांहून जास्त जेलमध्ये होती. मला हे वाचून आजही राग येतो.

बॅकअपचंही तेच. दोन हार्ड डिस्क, प्रत्येक बिघडायची शक्यता 1 टक्का, म्हणून दोन्ही जायची 10,000 त 1, हे तेव्हाच जेव्हा त्या वेगळ्या ठिकाणी असतील. एकाच प्लगवर असतील तर व्होल्टेजच्या एका झटक्यात दोन्ही जाऊ शकतात.

म्हणून गुणायच्या आधी विचारा, पहिली घटना घडली हे कळल्यावर दुसरीचा आकडा बदलतो का? बदलत असेल तर बदललेला आकडा घ्या. पत्त्यांतून लागोपाठ दोन एक्के काढायचे तर पत्ता परत ठेवून पिसला तर 4/52 गुणिले 4/52, म्हणजे 1/169, आणि नाही ठेवला तर 4/52 गुणिले 3/51, म्हणजे 1/221.