उन्हाळ्यातला स्लॅब: या चुका टाळा

‘बेळगावची हवा थंड’ या भरवशावर एप्रिल-मेमध्ये भर दुपारी स्लॅब ओतणारे अजून संपलेले नाहीत. अथणी, रायबागकडे पारा चाळिशीला टेकतो. खानापूर-बेळगावात ऊन जरा कमी, पण वारं सुटलं की तेही माल (ओलं काँक्रीट) तेवढंच सुकवतं.

निपाणीजवळचा एक स्लॅब सांगतो. पूजा, नारळ, पाहुण्यांचा नाश्ता उरकून मिक्सर फिरायला अकरा वाजले. सेंट्रिंगच्या लोखंडी पाट्यांवर पाय ठरत नव्हता, तरी कुणी पाणी मारलेलं नाही. माल वर पोचेपर्यंत आवळायला लागला, तशी वरनं हाक आली, “नीर हाक्री!” म्हणजे कन्नडात ‘पाणी घाला!’ लगेच पाईप थेट मिक्सरच्या ड्रममध्ये. आता हिशेब करा. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५. १० लिटरची एक बादली जादा गेली की ते ०.७ होतं, ताकद गेलीच. वर पाणी तरंगलं म्हणून गवंड्यानं कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि थापी मारली. चारच्या सुमाराला कोळ्याच्या जाळ्यागत भेगा. मालक सिमेंटवाल्याला शिव्या घालत बसला. पावसाळ्यात वरचा थर पापुद्र्यांनी सुटला.

मी पहाटे सहाला पहिलं घमेलं टाकतो. पूजा आदल्या दिवशी उरका. भटजी ऐकतात, हौशी मालक ऐकत नाहीत. पाट्या, सळ्या भिजवायच्या, पण डबकं ठेवायचं नाही. मिक्सरपाशी पाईप नाहीच, मापाची बादली. माल लांबून आणायचा असेल तर रिटार्डर (माल आवळणं लांबवणारं रसायन) आधीच ठरवून घ्या.

पाण्याची चकाकी मरेपर्यंत फिनिशिंगची थापी नको. ओल्यातच भेग दिसली तर रंध्यानं (गवंड्याच्या लाकडी थापीनं) ठोकून मिटते. सुकल्यावर वरनं सिमेंटचं पाणी ओतणं म्हणजे मनाचं समाधान.

‘पाणी उद्या मारू’ हे मला सहन होत नाही. संध्याकाळीच ओलं गोणपाट, सकाळी पाणी साठवायला आळी. सात दिवस पाणी मारायचा हिशेब ओपीसीचा, म्हणजे साध्या सिमेंटचा. कोरड्या उन्हात आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किमान १० दिवस सांगतं, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १४ पर्यंत वाढवा म्हणतं. वळीव पडला म्हणून पाणी बंद करू नका.

खडीवर ताडपत्री टाका. उन्हातल्या काळ्या टाकीचं पाणी वापरू नका. आणि जेवायला सगळ्यांनी एकदम उतरू नका, पाळीपाळीनं जेवा.