हाफ लाईफच्या माणसाला कोल्हापुरी फेटा बांधायचाय? आधी मॉडेल डिकंपाईल करा

भावांनो, २००४ च्या हाफ लाईफ २ मधली साधी माणसं गॅरीज मॉड या गेममध्ये अजून फिरत्यात, त्यातल्या एकाला फेटा बांधायचा म्हटलं की पयलं अडतं ते हितंच, गेमची फाईल कंपाईल झालेली, म्हंजे गेमच्या भाषेत बांधलेली असती आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर ती तशी घेत नाही.

क्रोबार हे फुकटचं टूल घ्या. अनपॅक टॅबमधनं व्हीपीके, म्हंजे गेमच्या फाईलींचा गठ्ठा, उघडून मॉडेल बाहेर काढा, पण एकटी एमडीएल ही मॉडेलची मुख्य फाईल उचलू नका. तिच्यात हाडं असत्यात, व्हर्टेक्स म्हंजे आकाराचे बिंदू व्हीव्हीडीत, त्रिकोणांची जुळणी व्हीटीएक्समध्ये आणि धडकेचा आकार पीएचवायमध्ये. सगळ्या एकाच फोल्डरात ठेवा, मग डिकंपाईल (उलगडा) दाबा. हातात आकार-हाडांच्या एसएमडी फाईली आणि सूचनांची एक क्यूसी येती.

क्यूसी नोटपॅडमध्ये उघडून नीट वाचाच. चालणं-पळणं बऱ्याचदा या मॉडेलमध्ये नसतंच, इनक्लूडमॉडेलच्या ओळींनी दुसऱ्या फाईलीतनं येतं, त्या ओळी उडवल्या की माणूस हात पसरून उभा. मॉडेलनेम मात्र बदला, मूळ फाईलीवर चढवू नका.

आता क्यूसी ब्लेंडर सोर्स टूल्स या ब्लेंडरच्या जोडटूलनं इम्पोर्ट करा. चेहऱ्याला अजिबात हात लावू नका, हावभाव व्हीटीए फाईलीत व्हर्टेक्सच्या नंबरावर बांधलेले असत्यात, एक व्हर्टेक्स इकडचा तिकडं झाला की ओठ भलतीकडंच. म्हणून फेटा वेगळा मेश (थ्रीडी आकार) करा, तोच सांगाडा वापरा, सगळं वजन, म्हंजे कुठल्या हाडाबरोबर किती हलायचं ते, डोक्याच्या हाडाला द्या. शेमल्याचं खालचं टोक तेवढं पाठीच्या वरच्या हाडाला द्या आणि मधल्या भागात वजन हळूहळू वाटा, नाहीतर मान वळली की शेमला खांद्यातनं आरपार. मग फेट्याची एसएमडी एक्सपोर्ट करा.

टेक्सचरला नेटवरचा कपडा नको राव, घरात लग्नातला फेटा असतोच, तो सपाट पसरून दिवसाउजेडी फोटो काढा, ५१२ किंवा १०२४ पिक्सेलचा चौकोन करा आणि व्हीटीएफ ही टेक्सचरची फाईल बनवा. व्हीएमटी, म्हंजे ते टेक्सचर कसं दाखवायचं हे सांगणारी फाईल, क्यूसीतल्या सीडीमटेरियल्सच्या ओळीतल्या फोल्डरातच पडली पाहिजे, चुकली तर फेटा जांभळा-काळा चौकटीचा दिसतोय.

शेवटी क्यूसीत बॉडीग्रुप, म्हंजे अदलाबदल करता येणारा भाग, टाका, आत फेट्याची एसएमडी आणि खाली ब्लँक, म्हंजे फेटा काढताबी येतोय. क्रोबारच्या कंपाईल टॅबमधनं परत बांधा. दुसऱ्या मॉडरचं मॉडेल उलगडणार असाल तर त्याला आधी विचारा. गेममध्ये सी दाबून माणसावर राईट क्लिक, बॉडीग्रुप, फेटा.