गाडीचा मेटॅलिक रंग: चमचम हवी की रंगाची खोली?

मेटॅलिक रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे कण बेस कोटमध्ये, म्हणजे खालच्या रंगीत थरात असतात, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. वरून लावायचं वॅक्स (मेण) किंवा सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) कणांपर्यंत पोचतच नाही. बदलते ती फक्त वरच्या थराची झळाळी. म्हणून चंदेरी, राखाडी गाडीला सिंथेटिक सीलंट घ्या, कण टोकदार चमकतात. गडद निळ्या किंवा मरून रंगाला कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडाच्या पानांचं मेण; रंग ओला, खोल दिसतो, कण थोडे मऊ पडतात. दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, १२ तासांनी वर वॅक्स. उलटं केलं तर सीलंट धरत नाही.

खरं काम मात्र धुण्यात आहे. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की बारीक ओरखडे पडतात आणि कण धुरकट दिसू लागतात. ग्लेझनं, म्हणजे ओरखडे भरणाऱ्या क्रीमनं, ते झाकले जातात, पण काही धुण्यांतच पुन्हा उघडे पडतात. कायमचे काढायला पॉलिशच, म्हणजे वरचा थर किंचित घासणारं क्रीम लागतं. आधी भरपूर पाणी मारा, मगच शाम्पू. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. शेवटचा हात आरओच्या पाण्यानं, लगेच मायक्रोफायबरनं कोरडं.

मे महिन्यात पहाटेच, सावलीत, बोनेट हाताला गार लागेल तेव्हा वॅक्स लावा. तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लगेच सुकतं आणि पट्टे उमटतात. एका दाराला रुपयाच्या नाण्याएवढं पुरे.